लोखंडी माणसाची साक्ष

आमच्या अभ्यासमंडळात अलेक्झांडर रॉबर्टसन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या 'द महार फोक' या पुस्तकावर चर्चा चालली होती. पुस्तक १९३८ सालचे. म्हणजे येवल्याच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेले. चर्चा रंगात आली असता मागच्या बाकावरचा एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "सर, जो आपला उद्धार करायला आला त्यानं आपल्याबद्दल काय लिहिलं, ते आपण का वाचायचं? फेकून द्यावं ते." नकार हा आपल्या साहित्याचा पहिला उच्चार आहे. त्यामुळे त्या मुलाला एकदम गप्प करणे मला शक्य नव्हते, आणि त्याच्याशी सहमत होणेही शक्य नव्हते. त्या दिवशी मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. पुढे लिहिले आहे ते त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर. मात्र ते मी रॉबर्टसनच्या पुस्तकावरून न देता फार दूरच्या एका पुस्तकावरून देणार आहे. स्वतःच्या घरचा पंचनामा वाचताना आवाज चढतो आणि तपशील निसटतात, हा अनुभव आपल्याला आहे.

हे दूरचे पुस्तक १६३२ साली पॅरिसमध्ये छापले गेले. लेखक गाब्रिएल सागार हा रेकोले पंथाचा एक साधा बंधू होता. धर्मगुरूचा दर्जाही त्याला नव्हता. 'ह्युरॉनांच्या देशाचा महाप्रवास' असा त्याच्या लांबलचक शीर्षकाचा मथितार्थ. मूळ आवृत्तीच्या प्रती आज मोजक्या ग्रंथालयांत कुलपाआड आहेत. मी वाचले ते टोरांटोच्या शांप्लँ सोसायटीने १९३९ साली काढलेले इंग्रजी भाषांतर. म्हणजे वेंडाट माणूस बोलला, ते फ्रेंच माणसाने लिहिले, ते इंग्रजी विद्वानाने भाषांतरिले आणि मी ते मराठीत सांगतो आहे. एवढ्या हातांतून आलेल्या पाण्याची चव कशी असेल याची शंका वाचकाने ठेवावी. मीही ठेवली आहे.

आधी नावाचा प्रश्न मिटवला पाहिजे. 'ह्युरॉन' हे त्या लोकांचे नाव नव्हे. फ्रेंच भाषेत 'ह्यूर' म्हणजे रानडुकराचे केसाळ डोके. त्यांच्या केसांची ठेवण पाहून फ्रेंचांनी हा शब्द त्यांना चिकटवला असे सांगतात. शिवाय फ्रेंचांच्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ अडाणी, रांगडा गावंढळ असाही होता. ते लोक स्वतःला वेंडाट म्हणत. ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागराकाठी, आजच्या कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, त्यांची मक्याची शेती आणि तटबंदीची गावे होती. एकेका लांब घरात अनेक चुली असत आणि एकाच आईच्या वंशातली कुटुंबे एका छपराखाली नांदत. या लोकांनीही फ्रेंचांना एक नाव दिले होते आणि ते सागारनेच नोंदवून ठेवले आहे : अग्नोन्हा, लोखंडाची माणसे. कुऱ्हाडी, किटल्या, सुऱ्या घेऊन येणाऱ्या माणसांना त्यांनी आणलेल्या वस्तूवरून नाव दिले. त्यांच्या दाढ्या वेंडाटांना फार ओंगळ वाटत, दाढीमुळे बुद्धी मंद होते अशीही त्यांची समजूत होती. तरी नाव ठेवताना त्यांनी दाढी मध्ये आणली नाही. दोन समाज समोरासमोर आले, दोघांनी एकमेकांना नावे ठेवली, आणि त्यांतले एकच नाव पुढे नकाशावर, सरोवरावर आणि पाठ्यपुस्तकात गेले. कोणते, हे आपल्या वाचकाला सांगावे लागत नाही.

सागार १६२३ च्या मार्चमध्ये पॅरिसहून निघाला. निकोला व्हिएल हा धर्मगुरू त्याच्याबरोबर होता. दोघे पायी बंदरापर्यंत गेले, जूनअखेर क्वेबेकला पोचले आणि ऑगस्टमध्ये वेंडाटांच्या देशात शिरले. झोसेफ ल कारों हा त्यांच्याच पंथाचा धर्मगुरूही त्यांच्या सोबत होता. तो या प्रदेशात पूर्वी राहून गेलेला. सागार तिथे सुमारे दहा महिने राहिला. आरंभी तो एका वेंडाट कुटुंबाच्या घरात, त्यांच्याच चुलीवरचे मक्याचे कांजीसारखे अन्न खाऊन राहत होता. धुराने डोळे जात, पिसवांनी झोप जाई, याच्या तक्रारी तो मोकळेपणाने करतो. त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की तो फारसा थोर माणूस नाही. थोर माणसे लिहायला बसली की आजूबाजूची माणसे पुसट होतात. हा बंधू कुतूहलाने भरलेला, थोडा भित्रा, थोडा विनोदी आहे. ल कारोंने एका मोठ्या मुखियाला मांजर भेट दिले. हाक मारली की ते येते हे पाहून मुखियाने ठरवले की या प्राण्याला विवेकबुद्धी आहे आणि त्याला फ्रेंच उत्तम समजते. सागार हे हसत सांगतो. वाचताना मला मात्र वाटले की मुखियाचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. त्या गावात फ्रेंचमधून हाक मारल्यावर येणारे दुसरे होते तरी कोण?

आता पुस्तक कशासाठी लिहिले गेले ते पाहू. सागार १६२४ मध्ये परतला आणि पुस्तक आठ वर्षांनी आले. मधल्या काळात, १६२९ मध्ये, इंग्रजांनी क्वेबेक घेतले आणि सगळे मिशनरी हाकलले गेले. १६३२ मध्ये तहाने ते फ्रान्सला परत मिळाले. पण या वेळी तेथे जाण्याची परवानगी मिळाली ती जेझुइटांना. रेकोले बाहेर राहिले. म्हणजे हे पुस्तक धर्मप्रसाराच्या मक्त्यासाठी चाललेल्या भांडणातला एक कागद आहे. आम्ही आधी गेलो, आम्ही उपाशी राहिलो, आम्हांला ती माणसे ठाऊक आहेत, असा दावा त्याच्या पानापानांत आहे. दोन पंथांच्या पद्धतींतही फरक होता. या लोकांना आधी फ्रेंच करा, त्यांच्यामध्ये फ्रेंच कुटुंबे वसवा, मग ख्रिस्ती करा, असे रेकोल्यांचे म्हणणे. जेझुइटांनी भाषा आणि चालीरीती आत्मसात करून आतून शिरण्याचा मार्ग धरला. कोणता मार्ग अधिक उदार याची चर्चा विद्वान करतात. मला त्या चर्चेत रस नाही. आपले जग कोणत्या दाराने मोडावे हे वेंडाटांना कोणीच विचारलेले नव्हते.

असा हेतूने बरबटलेला ग्रंथ, त्याची साक्ष कशी घ्यायची? न्यायालयात विरुद्ध पक्षाचा साक्षीदार आपल्या पक्षाच्या अडचणीचे काही बोलून गेला तर त्या बोलण्याला फार वजन असते. सागारची तशी काही पाने आहेत, आणि त्यांतले एक मी पुन्हा पुन्हा वाचले. वेंडाट एकमेकांना इतके देतात, पाहुण्याचा इतका सत्कार करतात की त्यांच्या गावांत एकही भिकारी नाही, असे तो लिहितो. पुढे तो सांगतो की फ्रान्समध्ये गरजू भिकाऱ्यांचे थवे आहेत हे ऐकून वेंडाटांना फार वाईट वाटले. तुमच्यात दया नाही म्हणून असे होते, असा दोष त्यांनी आम्हांला कठोरपणे दिला.

हे लिहिणारा कोण होता ते विसरू नका. रेकोले ही फ्रान्सिस्कन परंपरेतली शाखा. अनवाणी राहायचे, काही बाळगायचे नाही, भिक्षेवर जगायचे. दारिद्र्य हे त्यांचे व्रत. ज्याच्या पंथाने भीक पवित्र मानली, त्याच्या तोंडावर वेंडाट सांगत होते की समाजात भिकारी असणे ही त्या समाजाची लाज आहे. सागारने हे टिपले, पण त्याचा आपल्या व्रताशी काही संबंध लागतो असे त्याला कुठे जाणवलेले दिसत नाही. गरिबीला पुण्य ठरवणारा धर्म आणि गरिबी राहूच न देणारी रीत, यांतला हा सामना त्याच्या पुस्तकात घडतो आणि लेखकाच्या नकळत घडतो. १९२७ साली महाडला, गावकीच्या बदल्यात पदरात पडणारे शिळे तुकडे सोडून द्या, असे बाबासाहेबांनी सांगितले. ते तुकडे ज्या आज्यांनी वेचले त्यांचा नातू हे पान वाचतो तेव्हा त्याला ते कळायला टीप लागत नाही.

दुसरे पान मासेमारीचे. सागार काही लोकांबरोबर सरोवरातल्या एका बेटावर मासे धरायला गेला होता. रात्री घरात एक माणूस माशांना उद्देशून प्रवचन करी : या, धीर धरा, तुमच्या हाडांचा आम्ही अवमान करणार नाही, अशा आशयाचे. सागारने खारीचे कातडे विस्तवात टाकले तेव्हा त्याला लगेच अडवण्यात आले. जाळ्यांना हे दिसेल आणि ती माशांना सांगतील, असे कारण दिले गेले. सागारने हे अंधश्रद्धा म्हणून नोंदवले. आपणही विज्ञाननिष्ठ आहोत, जाळी बोलत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. तेथे मी सागारच्या बाजूला आहे. पण तोच सागार दुसरीकडे सांगतो की पाऊस थांबेना, पीक जाईल म्हणून वेंडाटांनी मिशनऱ्यांना विनवले, यांनी प्रार्थना केली आणि पाऊस थांबला. ही मात्र त्याच्या लेखी ईश्वराची कृपा. एकाच पुस्तकात जाळे ऐकते ती भ्रामक समजूत आणि आभाळ ऐकते तो धर्म. वेंडाटांनी तसा भेद केला नाही. पाऊस थांबवणारा आणखी एक जाणता आला, एवढाच त्यांनी अर्थ घेतला, आणि मला वाटते तो अधिक सुसंगत होता.

इथे एका मोहाविषयी बोलले पाहिजे. अलीकडे, २०२१ मध्ये, डेव्हिड ग्रेबर आणि डेव्हिड वेंग्रो यांच्या गाजलेल्या 'द डॉन ऑफ एव्हरीथिंग' या ग्रंथाने सागारची ही पाने पुन्हा उजेडात आणली. युरोपला समतेचा आणि स्वातंत्र्याचा विचार सुचण्यात अशा मूळ रहिवाशांनी केलेल्या टीकेचा वाटा होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मला पुष्कळसे पटते. वेंडाटांचा मुखिया हुकूम सोडत नसे, समजावून सांगे. सभेत एक बोलताना दुसरा त्याला तोडत नसे, आणि एकमेकांना तोडून बोलणाऱ्या फ्रेंचांची ते टर उडवीत. हे सगळे खरे. पण त्याच पुस्तकात युद्धकैद्यांच्या छळाचे वर्णनही आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. उन्हाळाभर शेतात राबणारी बाई होती हेही त्यात आहे. वेंडाटांना निष्पाप रानफूल बनवले की त्यांच्यावर पुन्हा एकदा कोणाचे तरी काम लादले जाते : पूर्वी चर्चला आत्मे हवे होते, आता थकलेल्या युरोपला आरसा हवा आहे. आपल्याविषयीही असे प्रेमळ लेखन पुष्कळ झाले आहे. माणसाला देव करणारा लेखक मला हीन लेखणाऱ्या लेखकाइतकाच नकोसा वाटतो, कारण दोघांनाही माझ्याशी भांडायचे नसते.

भाषेचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. सागारच्या पाठोपाठ आलेल्या जेझुइटांपैकी झाँ द ब्रेबफ याने १६३६ च्या अहवालात एक अडचण लिहून ठेवली आहे. वेंडाट भाषेत नुसता 'पिता' म्हणता येत नाही. कोणाचा पिता ते क्रियारूपातच सांगावे लागते. त्यामुळे 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' हे सूत्र जसेच्या तसे होईना. 'आमचा पिता, त्याचा पुत्र आणि त्यांचा पवित्र आत्मा' असे म्हणण्याची मुभा त्याला वरिष्ठांकडे मागावी लागली. शिवाय ज्याचा बाप मेला आहे त्याच्यासमोर बापाचा उल्लेख करणे हा त्या समाजात मोठा अपमान; म्हणजे 'आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थनाच पोरक्याच्या काळजावर डागणी. या काळाच्या थोडे आधी, १६१६ साली, गोव्यातल्या राचोलला थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले होते. तोही जेझुइट. पण त्याच्या हाताशी मराठी ओवी आणि वैकुंठासारखे तयार शब्द होते, कारण इथे पोथ्यांची परंपरा उभी होती. ब्रेबफसमोर पोथी नव्हती. होते ते फक्त बोलणारे लोक, आणि त्यांचे व्याकरण त्याच्या त्रैक्याला वाट देत नव्हते. एखाद्या समाजाचा नकार त्याच्या व्याकरणात राहू शकतो हे मला या एका नोंदीने शिकवले.

पुढे जे घडले ते थोडक्यात सांगतो, कारण ते आकड्यांतच सांगण्यासारखे उरले आहे. १६३४ ते १६४० या सहा वर्षांत गोवर, देवी अशा साथींनी वेंडाटांची लोकसंख्या जवळजवळ निम्मी झाली. वीस हजारांच्या वर असलेले लोक दहा हजारांच्या आत आले. म्हातारे आणि मुले आधी गेली, म्हणजे आठवण आणि उद्या दोन्ही गेले. फ्रेंचांनी बंदुका द्यायच्या त्या ख्रिस्ती झालेल्यांनाच, असे धोरण ठेवले. गावागावांत दोन तट पडले. १६४९ च्या मार्चमध्ये इरोक्वांनी हल्ला चढवला. ब्रेबफ आणि गाब्रिएल लालमाँ हे दोन जेझुइट त्यात हाल होऊन मारले गेले. वेंडाटांनी स्वतःची गावे स्वतः जाळली, एका बेटावर हिवाळा काढला, तिथे उपासमारीने अगणित लोक मेले, आणि १६५० मध्ये सुमारे तीनशे जण क्वेबेकला आले. बाकीचे पश्चिमेला पांगले. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमा, कॅन्सस इथवर आहेत. १९३० साली चर्चने ब्रेबफसह आठ जणांना संतपद दिले. आठही फ्रेंच. बेटावर मेलेल्या वेंडाटांची यादी कोणत्याही दप्तरात नाही.

ब्रुस ट्रिगर या कॅनडियन अभ्यासकाने १९७६ मध्ये 'द चिल्ड्रन ऑफ आताएन्त्सिक' हा दोन खंडांचा इतिहास लिहिला आणि मिशनऱ्यांच्या याच कागदांतून वेंडाटांचे स्वतःचे हेतू, डावपेच, राजकारण बाहेर काढले. तो ग्रंथ मोठा आहे. तरी मला अधिक जवळचा वाटतो जॉर्ज सिउई. हा स्वतः ह्युरॉन-वेंडाट, क्वेबेकजवळच्या वेंडाके या वस्तीतला. १९८९ मध्ये त्याने फ्रेंचमध्ये एक लहान पुस्तक लिहिले आणि आपल्या पद्धतीला नाव दिले 'आत्म-इतिहास'. परक्यांनी लिहिलेले दस्तऐवज फेकायचे नाहीत. आपल्या समाजाची मूल्ये हातात धरून ते वाचायचे आणि त्यातून आपला इतिहास आपण लिहायचा, असे त्याचे म्हणणे. ज्या दशकात आपल्याकडे आत्मकथने एकामागून एक येत होती, त्याच दशकाच्या अखेरीस हा शब्द तिकडे घडला. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, त्याला आपला नव्हता.

सिउई केवळ पुस्तकी नव्हता. १९८२ मध्ये क्वेबेकच्या एका सरकारी उद्यानात झाडे तोडली, तंबू ठोकले, शेकोट्या पेटवल्या म्हणून तो व त्याचे भाऊ यांच्यावर खटला झाला. आपण पूर्वजांची रीत पाळत होतो, आणि १७६० साली ब्रिटिश सेनानी जेम्स मरे याने दिलेला कागद आपल्याला तो हक्क देतो, असा त्यांचा बचाव. तो कागद म्हणजे काही ओळींचा परवाना. १९९० च्या मे महिन्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की तो कागद हा करार आहे आणि तो जिवंत आहे. माझ्या तरुण मित्राने हे लक्षात घ्यावे : जिंकणाऱ्याच्या हस्ताक्षरातला कागद त्यांनी जपून ठेवला नसता तर त्या शेकोट्यांचा दंड भरावा लागला असता.

याच्या उलटेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी त्या मुलाला अर्धेच उत्तर देईन. वेंडाट आपल्या मृतांची हाडे काही वर्षांनी एकत्र करून एका मोठ्या खड्ड्यात सन्मानाने पुरत. सागारने या सोहळ्याचे वर्णन केले आहे. ब्रेबफने १६३६ मध्ये ओसोसाने या गावी तो डोळ्यांनी पाहिला आणि फार बारकाईने लिहिला. तीनशे वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, टोरांटोच्या एका संग्रहालयाच्या पुराणवस्तू-संशोधकांनी ओसोसानेचा खड्डा उकरला. ब्रेबफच्या वर्णनाशी ताडून तो ओळखला गेला. पाचशेच्या आसपास माणसांच्या अस्थी पेट्यांत गेल्या. इतक्या प्रेमाने केलेले वर्णन शेवटी कुदळीच्या कामी आले. १९९९ मध्ये वेंडाट वंशजांनी त्या अस्थी परत मिळवल्या आणि त्याच जागी पुन्हा पुरल्या. परतफेड करणाऱ्यांनाही विधी कसा होता ते पाहायला त्याच जुन्या पानांकडे वळावे लागले.

राहता राहिला सागारच्या पुस्तकाचा शेवटचा भाग. त्याने प्रवासवर्णनाला वेंडाट भाषेचा कोश जोडला. त्या भाषेचा छापलेला हा पहिला मोठा कोश. तो फ्रेंच शब्दांच्या क्रमाने लावलेला आहे, आणि त्यात सुट्या शब्दांपेक्षा बोलण्यातली वाक्येच पुष्कळ आहेत. त्याच्या हातून चुका झाल्या, निरनिराळ्या बोली एकमेकींत मिसळल्या, हे जॉन स्टेकली या भाषाभ्यासकाने दाखवून दिले. २०१० मध्ये त्याने हा कोश नव्याने संपादित केला. हा कोश कोणासाठी, ते सागारने शीर्षकातच सांगितले होते : ज्यांना त्या देशात प्रवास करावयाचा आहे आणि ती भाषा येत नाही, अशांच्या सोयीसाठी. व्यापारी, शिपाई, धर्मगुरू त्याच्या डोळ्यांसमोर होते.

विसाव्या शतकात वेंडाकेमध्ये वेंडाट ही कोणाची मातृभाषा उरली नव्हती. तिथली मुले घरी फ्रेंच बोलत मोठी झाली. २००७ मध्ये वेंडाटांनी क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठाबरोबर भाषा परत आणण्याचे काम सुरू केले आणि त्याला 'यावेंडा' असे नाव दिले, म्हणजे आवाज. बोलणारे कोणी नव्हते, तेव्हा आधार घ्यायचा तो जेझुइटांच्या हस्तलिखित कोशांचा, आणि त्यांच्याही आधीचा म्हणून सागारचा. प्राथमिक शाळेतली वेंडाट मुलगी आज आपल्या पणजीचा शब्द शोधते तेव्हा ती फ्रेंच शब्दापासून सुरुवात करते. सागारने कोश तसाच लावला होता. ज्यांना त्या देशात जायचे आहे पण भाषा येत नाही, ते प्रवासी आता वेंडाट स्वतःच आहेत.